पुण्याचे स्टार्टअप, बीडचे प्रश्न आणि पहिला ग्राहक

बीड जिल्ह्यातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, ही पहिली. बारावीचा नाहीतर पदवीचा निकाल लागला की मुले-मुली पुण्याचा रस्ता धरतात, ही दुसरी. पहिल्या वाटेवर गेल्या काही दशकांत बरेच लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. दुसऱ्या वाटेकडे मात्र आपण 'पोरगं पुण्याला लागलं' एवढ्या समाधानाने पाहतो आणि विषय सोडून देतो. या वाटेने गेलेल्यांपैकी अनेकांनी संगणक, यंत्रे, डिझाइन आणि विक्री यांत वर्षानुवर्षे काम केले आहे. पुण्याच्या स्टार्टअप जगात त्यांची हजेरी आहे. त्यांच्या ज्ञानाचा बीडला काय उपयोग होतो आणि पुढे काय होऊ शकतो, हा या आढाव्याचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. प्रश्न जगणारा माणूस, त्याचे तंत्र जाणणारा माणूस आणि उत्तरासाठी पहिले पैसे मोजणारा ग्राहक हे तिघे वारंवार भेटतात तिथे स्टार्टअप रुजतो. पुण्याने ही भेट घडवायला तीन दशके घेतली. बीडकडे प्रश्न जगणारे लाखो आहेत आणि तंत्र जाणणारे त्याच घरांतून पुण्याला गेले आहेत. कमी आहे ती पहिल्या ग्राहकाची. येत्या काळात जिल्ह्यात इमारती उभ्या राहतील, योजना येतील. पण पहिला ग्राहक उभा राहिला नाही, तर त्या इमारतींतून शिकून निघालेली मुलेही पुण्याचीच गाडी पकडतील.

पुणे असे घडले

आज पुण्याकडे पाहणाऱ्याला मोठी नावे दिसतात. लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय २०१० मध्ये पुण्यात सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. करारांची व्यवस्था पाहणारी आयसर्टिस, माहितीचे संरक्षण करणारी द्रुव्हा, विक्री प्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी माइंडटिकल, किराणा दुकानांपर्यंत माल पोचवणारी इलॅस्टिकरन आणि कुरिअरमधली एक्सप्रेसबीज या सगळ्या एक अब्ज डॉलर मूल्यांकनाचा टप्पा ओलांडलेल्या कंपन्या. अशा कंपन्यांना बाजार 'युनिकॉर्न' म्हणतो. मात्र या यादीमागची घडण समजून घेतल्याशिवाय ती दुसरीकडे नेण्याची भाषा पोकळ ठरते.

त्या घडणीचा पहिला थर उद्योगांचा. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १९३४ ची. किर्लोस्कर, बजाज आणि टेल्को यांच्या भोवती हजारो छोटे पुरवठादार उभे राहिले आणि मोठ्या कंपनीने छोट्याकडून माल घेण्याची सवय शहराला लागली. दुसरा थर संगणकाचा. सी-डॅकची स्थापना १९८८ ची आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक १९९१ मध्ये पुण्यातच साकारला. आनंद देशपांडे यांची पर्सिस्टंट १९९० ची आणि केपीआयटीही त्याच वर्षाची. नंतर हिंजवडीचे आयटी पार्क आले. या कंपन्यांत दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या माणसांना ग्राहक कसा बोलतो, माल वेळेत कसा द्यायचा आणि चूक कशी निस्तरायची याचे शिक्षण पगार घेता घेता मिळाले. द्रुव्हाचे संस्थापक असेच व्हेरिटास या कंपनीतल्या अनुभवानंतर २००८ मध्ये बाहेर पडले होते.

तिसरा थर बैठकीचा, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. २००८ च्या आसपास शहरात पुणे ओपन कॉफी क्लबसारखी मोकळी जमात तयार झाली. कोणी कल्पना मांडायचे, कोणी त्यातली भोके दाखवायचे, कोणी ओळख करून द्यायचे. त्याच सुमारास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर सुरू झाले. तिथे प्रयोगशाळेची महागडी उपकरणे, पेटंटचा सल्ला आणि सुरुवातीच्या निधीची वाट हे सगळे एका छताखाली मिळू लागले. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांतून उद्योजकता कक्ष निघाले आणि विद्यार्थ्यांचे स्टार्टअप मेळावे दरवर्षीचे झाले. आज पुण्यात एखाद्याची कंपनी बुडाली तर तो महिन्याभरात दुसऱ्या कंपनीत रुजू होऊ शकतो. ही सोय असल्यामुळे धाडस परवडते. बीडच्या मुलाला ती सोय नाही, हा पहिला आणि मोठा फरक.

मधली ठाणी: संभाजीनगर आणि बारामती

मराठवाड्यात स्टार्टअपची बात शून्यापासून सुरू करावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरला उद्योजकांच्या सीएमआयए या संघटनेने 'मॅजिक' ही संस्था उभी केली आहे. 'मराठवाडा अ‍ॅक्सिलरेटर फॉर ग्रोथ अँड इन्क्युबेशन कौन्सिल' हे तिचे पूर्ण नाव. तिथल्या विद्यापीठातही अटल योजनेखालील इन्क्युबेशन केंद्र आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे यंत्रभाग किंवा ऑटोमेशन यात काही नवे करणाऱ्याला दाखवायला ग्राहक जवळच मिळतो. शेतीवर काही करू पाहणाऱ्याला मात्र ती जवळीक तितकीशी उपयोगी पडत नाही.

शेतीसाठी बारामतीचे उदाहरण जवळचे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृषी विज्ञान केंद्राच्या शेतांवर कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ऊस वाढवण्याचा प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने केला. उपग्रहाची चित्रे, शेतातले हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांवरून पाणी कधी द्यायचे, खत किती घालायचे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि ऊसपट्ट्यात त्याची चर्चा झाली. त्यातून घेण्यासारखा धडा असा: प्रयोगाला शेत मिळाले, शेतकरी मिळाले आणि ते नियमितपणे एकत्र आणणारी एक भरवशाची संस्था मिळाली. तंत्रज्ञान बाहेरून आले तरी चालले. ही मधली संस्था मात्र तिथलीच लागते.

पुण्यातले शेती स्टार्टअपही अनुभवातूनच शिकले. अ‍ॅग्रोस्टारने शेतकऱ्याशी व्यवहार सुरू केला तो मिस्ड कॉलवर, कारण त्या काळात स्मार्टफोन सगळ्यांच्या हाती नव्हता. इकोझेनने वीज बेभरवशाची असते हे गृहीत धरून सौरऊर्जेवर चालणारी छोटी शीतगृहे बनवली. दोघांनीही शेतकऱ्याची अडचण आहे तशी मान्य केली आणि तिच्यावर उत्पादन बेतले.

सांगवीचा गोठा

बीडमधून निघालेले सर्वांत गाजलेले नाव आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटण गावच्या दादासाहेब भगत यांचे. आयटीआय करून ते पुण्याला गेले आणि इन्फोसिसच्या अतिथीगृहात साफसफाई व सेवेचे काम करू लागले. संगणकासमोर बसलेल्या लोकांच्या कामाबद्दल कुतूहल वाटले. पदवी नसतानाही जमेल असे क्षेत्र म्हणून त्यांनी अ‍ॅनिमेशन आणि डिझाइन शिकून घेतले आणि पुढे स्वतःची कंपनी काढली. करोनाच्या काळात शहर बंद पडल्यावर ते गावी परतले. गावात इंटरनेटची रेंज धड नव्हती, म्हणून उंचावरच्या गोठ्यात बस्तान बसवले आणि गावातल्या मुलांना शिकवून कामाला लावले. तिथून तयार झालेले 'डिझाइन टेम्पलेट' हे साधन 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या हंगामात गेले आणि बोटचे सहसंस्थापक अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी रुपये देऊ केले.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती जिद्दीची आहेच. तिच्यातून आणखी दोन गोष्टी हाती लागतात. एक, कौशल्य पुण्यात मिळाले, पण बीडच्या मुलांना ते गावातच शिकवता आले आणि त्यांनी त्यावर रोजगारही मिळवला. दोन, त्यांचे उत्पादन इंटरनेटवर विकले जाणारे होते, त्यामुळे स्थानिक ग्राहकाची गरज पडली नाही. ज्याला सीताफळावर, रेशमावर किंवा ऊसतोडीवर काम करायचे आहे, त्याला ही पळवाट नाही. त्याचा ग्राहक जिल्ह्यातच असतो आणि तो मिळाला नाही तर कल्पना कागदावरच राहते.

सोडवण्यासारखे प्रश्न

बीडच्या प्रश्नांची यादी आपण सहसा दुःखाच्या सुरात वाचतो. उद्योजकाच्या नजरेने ती कामांची यादी आहे.

रेशमापासून सुरुवात करू. तुतीची लागवड आणि कोष उत्पादन यांत बीड राज्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी आहे. पूर्वी कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि पुढे बीडच्या बाजार समितीतही कोषांचे व्यवहार होऊ लागले. विक्रीची अडचण कमी झाली, पण संगोपनाची तशीच आहे. रेशीम किड्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. शेडमध्ये एक दुपार चुकली तर महिन्याभराचे पीक हातचे जाते. तापमान मोजून फॉगर चालू-बंद करणारे, वीज गेल्यावर फोनवर कळवणारे, गावातल्या इलेक्ट्रिशियनला दुरुस्त करता येईल असे स्वस्त उपकरण तालुक्याच्या ठिकाणी बनू शकते. त्याला मोठ्या संशोधनाची गरज नाही. गरज आहे ती पंधरा-वीस शेडमध्ये दोन हंगाम टिकून चाचणी करण्याची.

सीताफळाचे गणितही असेच. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पिकल्यावर ते दोन-तीन दिवसांत खराब होते. गर काढणे जिकिरीचे आणि बिया काढताना गर काळा पडतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सगळा माल एकदम येतो आणि भाव कोसळतात. गावपातळीवर गर काढून गोठवता आला, तर आइस्क्रीम आणि मिठाईच्या बाजाराचा दरवाजा उघडतो. त्यासाठी यंत्र, शीतसाखळी आणि खरेदीचा करार या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

तिसरा प्रश्न ऊसतोडीचा, आणि तो सर्वांत नाजूक. उचल, मुकादम, कोयता यांभोवती फिरणाऱ्या या व्यवस्थेत हिशेब बहुधा तोंडी असतो. किती टन तोडले, उचलीतून किती वळते झाले, हे मजुराला स्वतःच्या फोनवर दिसले तर त्याची सौदाशक्ती वाढते. आरोग्याचे दुखणे तर याहून खोल. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडावर जाणाऱ्या बाईची आरोग्य नोंद तिच्यासोबत प्रवास करेल आणि कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रालाही दिसेल, अशी साधी व्यवस्था तंत्रज्ञानाला अवघड नाही. अवघड आहे ती तिचे पैसे कोण देणार हे ठरवणे. मजूर देऊ शकत नाही. कारखाने, सरकार आणि ऊसतोड कामगारांसाठीचे कल्याण महामंडळ यांपैकी कोणीतरी ग्राहक व्हावे लागेल.

पाण्याबाबत तर जिल्ह्याला मोजमापाची सवयच लागली आहे. २०१६ च्या दुष्काळात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत अंबाजोगाई होता. शिवार फेरी, पाण्याचा ताळेबंद हे शब्द तिथल्या गावांत लोकांच्या तोंडी आले. विहिरीची पातळी मोजणारे स्वस्त साधन आणि त्यावरून रब्बीत काय पेरावे याचा सल्ला देणारी सेवा अशा गावात लवकर रुजेल.

येऊ घातलेले उपक्रम

आता पुढच्या काळाकडे. बीडमध्ये सर्वांत मोठी हालचाल आहे ती सीआयआयआयटीची, म्हणजे शोध, नवोन्मेष, उद्योग उबवणी आणि प्रशिक्षण यांच्या केंद्राची. अजित पवार पालकमंत्री असताना २०२५ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुमारे १९१ कोटी रुपयांच्या या केंद्राची घोषणा झाली आणि वर्षाला सात हजार युवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आधुनिक यंत्रे, ऑटोमेशन, डिझाइनची सॉफ्टवेअर ही साधने बीडच्या मुलाला घराजवळ मिळणे ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. या केंद्राच्या नावात 'प्रशिक्षण'ही आहे आणि 'उबवणी'ही. प्रशिक्षणाचे आकडे मोजणे सोपे असल्याने सारे लक्ष तिकडे जाण्याचा धोका आहे. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ही यंत्रे बाहेरच्या उद्योजकाला, शेतकऱ्याला, वर्कशॉपवाल्याला माफक भाड्याने वापरता आली, तर उबवणीचा अर्थ प्रत्यक्षात उतरेल.

दुसरी गोष्ट राज्याच्या धोरणाची. महाराष्ट्राचे २०१८ चे स्टार्टअप धोरण मुख्यतः मोठ्या शहरांभोवती फिरले. २०२५ च्या नव्या धोरणात पाच वर्षांत ५०,००० स्टार्टअपचे उद्दिष्ट, ५०० कोटींचा महाफंड आणि आयटीआय-तंत्रनिकेतनांमध्ये सूक्ष्म उबवणी केंद्रे हे मुद्दे आहेत. बीड आणि अंबाजोगाईची शासकीय तंत्रनिकेतने, तालुक्या-तालुक्यांतल्या आयटीआय आणि अंबाजोगाईचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यासाठीची तयार जागा आहे. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी राज्याने २०२५ मध्येच ५०० कोटींचे महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले. बारामतीच्या अनुभवातून बीडला त्यात हक्काने वाटा मागता येईल. केंद्राची स्टार्टअप बीज निधी योजना २०२१ पासून आहे आणि तिच्यातून नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. पण ते मान्यताप्राप्त उबवणी केंद्रामार्फत मिळते. केंद्र दूर असेल तर पैसाही दूर राहतो.

तिसरी गोष्ट रेल्वेची. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि अहिल्यानगर ते बीड प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी धावली. पुढचा टप्पा परळीचा. हा मार्ग पूर्ण झाल्यावर पुण्याशी आणि परळीमार्गे दक्षिणेशी जोडणी होईल. यंत्रभाग मागवणे, नमुना पाठवणे, सल्लागाराला बोलावणे यांचा खर्च आणि वेळ दोन्ही कमी होतील.

याखेरीज दरवर्षीचे ठरलेले कार्यक्रम आहेतच. १६ जानेवारीचा राष्ट्रीय स्टार्टअप दिन, विद्यार्थ्यांची स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन, डिसेंबरात मोशीला भरणारे किसान प्रदर्शन आणि राज्याचा स्टार्टअप सप्ताह. यांतला स्टार्टअप सप्ताह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निवडलेल्या स्टार्टअपला तिथे पुरस्काराच्या चेकऐवजी सरकारी खात्यात प्रयोग करण्यासाठी कार्यादेश मिळतो. म्हणजे सरकार स्वतः पहिला ग्राहक होते. हीच पद्धत जिल्ह्याच्या पातळीवर यायला हवी.

अडथळे

अडथळ्यांबद्दल गोड बोलून चालणार नाही. पहिला भीतीचा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेली निर्घृण हत्या पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादाशी जोडलेली असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. वीज प्रकल्पातल्या कंपनीची ही गत, तर चार पोरांनी उभारलेल्या छोट्या उद्योगाला दारात येणाऱ्या वसुलीची धास्ती वाटणारच. उद्योग सुरू करणाऱ्याला संरक्षण मिळेल हा विश्वास देणे हे पोलीस आणि प्रशासनाचे स्टार्टअप धोरणच आहे.

दुसरा भांडवलाचा. गावाकडच्या उद्योजकाला पहिले दोन-तीन लाख नातेवाइकांकडून, सोयऱ्यांकडून येतात. ज्ञानराधा मल्टिस्टेटसारख्या बीडच्या पतसंस्थेत २०२३ पासून लाखो ठेवीदारांचा पैसा अडकला. घरोघरची बचत बुडीत निघाल्यावर जोखीम घ्यायला हात धजत नाही. त्याच वेळी शेत विकून मुलाला वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात ठेवणे मात्र समाजाला रास्त वाटते. त्यातली दोन वर्षे आणि तेवढाच पैसा एखाद्या कामाच्या प्रयोगाला द्यावा, हे घराघरात बोलले गेले पाहिजे.

तिसरा अडथळा मुलींच्या वाटेतला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली फक्त ८०७ होत्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. ऊसतोडीला आई-वडील जाताना लेकीचे लग्न लावून देण्याची पद्धत यामागे आहे. ज्या जिल्ह्यात इतक्या मुली शिक्षणातून बाहेर पडतात, तिथे निम्म्या कल्पना जन्माआधीच गळतात. वसतिगृहे, मुलींसाठी बसची सोय आणि सीआयआयआयटीत राखीव जागा या उद्योजकतेच्या बाहेरच्या गोष्टी समजू नयेत.

काय करता येईल

जिल्ह्याचे स्वतःचे वेळापत्रक असावे आणि ते बीडच्या वर्षावर बेतलेले असावे. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या गावी परततात. ऊसतोडीच्या प्रश्नांवर मजूर, मुकादम, कारखाने आणि तंत्रज्ञ यांची बैठक तेव्हाच भरली पाहिजे, कारण डिसेंबरात बैठक घेतली तर मजूर फडावर असतो. सीताफळाची यंत्रे सप्टेंबरपूर्वी तयार हवीत आणि रेशमाच्या उपकरणांची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पुण्यातले कार्यक्रम जसेच्या तसे उचलून आणले तर छायाचित्रे निघतील, काम निघणार नाही.

पुण्यात असलेल्या बीडकरांनी वर्षातले चार शनिवार जिल्ह्याला द्यावेत. प्रत्येकाने कंपनी काढायची गरज नाही. एका आयटीआयला, एका शेतकरी उत्पादक कंपनीला, एका गावाला सल्ला दिला तरी पुष्कळ. मोकळ्या बैठकीची जी सवय पुण्याला २००८ नंतर लागली, ती बीड, अंबाजोगाई आणि माजलगावला लावण्याचे काम त्यांच्याइतके दुसरे कोणी करू शकणार नाही.

आणि सर्वांत आधी, पहिल्या ग्राहकाची यादी जाहीर व्हावी. जिल्हा परिषद, बाजार समित्या, साखर कारखाने, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रेशीम कार्यालय यांनी दरवर्षी प्रत्येकी दोन प्रश्न लिहून द्यावेत, त्यांवर काम करणाऱ्या स्थानिक स्टार्टअपला लहान पण खरा कार्यादेश द्यावा आणि बिल वेळेत चुकवावे. एक चुकते झालेले बिल तरुण उद्योजकाला दहा भाषणांपेक्षा अधिक बळ देते. ते बिल दाखवून त्याला बँक कर्ज देते, दुसरा ग्राहक विश्वास ठेवतो आणि घरचे लोक 'हे काम चालेल' असे म्हणू लागतात. पुण्याला ही सवय कारखान्यांनी लावली. बीडला ती लावायची जबाबदारी इथल्या सार्वजनिक संस्थांची आहे, आणि त्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात या कार्यादेशांसाठी एक ओळ घातली, तर सुरुवात तिथूनच होते.